जिन्याखालची खोली

नात्सुमे सोसेकीच्या ‘बोच्चान’ या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी कादंबरीत तोक्योचा एक तरुण गणित शिकवण्याची नोकरी पत्करून शिकोकू बेटावरच्या एका गावी येतो. रिक्षावाला त्याला एका सराईत आणून सोडतो. तिथे त्याला दाखवली जाणारी खोली जिन्याखालची, काळोखी आणि उकाड्याने कोंदलेली. दुसरी खोली द्या म्हणताच उत्तर मिळते की सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. अंघोळ करून परतताना तो सहज डोकावतो, तर हवेशीर खोल्या कितीतरी रिकाम्या! मग त्याच्या ध्यानात येते की आपल्या हातातली साधी बॅग आणि स्वस्तातली छत्री पाहून मालकिणीने आपली किंमत केली आहे. शिवाय प्रवासात सराईला ‘चादाई’, म्हणजे चहापाण्याची बक्षिसी, द्यावी लागते ती आपण दिलेली नाही. खिशात उरलेले असतात चौदा येन. त्यातले पाच तो दुसऱ्या दिवशी मोलकरणीच्या हाती देतो आणि गल्ल्यावर पोचव म्हणून सांगतो. शाळेतून परत येतो तो मालकीण धावत बाहेर येऊन फळीवर कपाळ टेकते, आणि त्याचे सामान वरच्या मजल्यावर, पंधरा तातामींच्या प्रशस्त दर्शनी खोलीत हलवले जाते.

हा प्रसंग आपण विनोद म्हणून वाचतो, आणि तो विनोदी आहेच. परंतु जपानातील एखाद्या किल्ल्याच्या गावी दोन रात्री स्वस्तात काढायचा बेत करणाऱ्या माणसाने तो इतिहासाचा कागद म्हणूनही वाचावा असे मला वाटते. आज संगणकावर तारखा टाकल्या की खोलीचा दर दिसतो, तो दिला की खोली मिळते. बॅग कशी आहे हे कुणी पाहत नाही. ही गोष्ट आपल्याला इतकी सहज वाटते की तिच्या मागे काही शतकांची उलथापालथ आहे हे लक्षातच येत नाही. किल्ल्याच्या गावात ‘स्वस्त’ हा शब्द फार काळ पैशाचा नव्हताच. तो दर्जाचा शब्द होता.

सोसेकीने कादंबरीत गावाचे नाव दिलेले नाही, पण ते मात्सुयामा आहे याबद्दल कुणालाच शंका नाही. १८९५च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सोसेकी स्वतः मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला आणि पहिल्यांदा उतरला तो किदोया नावाच्या सराईत. तो वर्षभर तिथे राहिला.

आता ‘किल्ल्याचे गाव’ म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, कारण मराठी वाचकाच्या मनात किल्ला म्हटला की सह्याद्रीचा कडा उभा राहतो आणि गाव असलेच तर पायथ्याचे चार उंबरे. जपानी शब्द आहे ‘जोकामाची’: किल्ल्याखालची वस्ती. (त्यातला ‘माची’ ऐकून राजगड-तोरण्यावर वाढलेला आपला कान टवकारतो, पण आपल्या माचीशी त्याचा संबंध नाही, जपानी माची म्हणजे पेठ किंवा शहराचा भाग.) सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा सत्तेखाली देशाची घडी बसली, १६१५ मध्ये एका संस्थानात एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि सामुराईंना खेड्यांतून उचलून त्या एकेका किल्ल्याभोवती आणून बसवण्यात आले. त्यांच्या गरजा भागवायला व्यापारी आणि कारागीर आले. अशा गावाचा नकाशा म्हणजे समाजाची उतरंड जमिनीवर आखलेली: मध्ये किल्ला, त्याला लागून वरिष्ठ सामुराई, मग कनिष्ठ, मग व्यापारी पेठा, आणि कडेला देवळांची रांग. प्रत्येकाने कुठे झोपायचे हे ठरलेले. मात्र या आखणीत बाहेरून आलेल्या, इथल्या कुणाचाच नसलेल्या माणसाला जागा नव्हती.

मात्सुयामाचा किल्ला कातो योशिआकीने १६०२ मध्ये बांधायला घेतला. मैदानाच्या मधोमध उठलेली १३२ मीटर उंचीची टेकडी, तिच्या माथ्यावर किल्ला, दक्षिणेच्या पायथ्याशी खंदकाने वेढलेले आवार. कातोला १६२७ मध्ये दूर उत्तरेला आइझूला पाठवण्यात आले आणि १६३५ पासून मात्सुदाइरा घराणे आले, ते थेट संस्थाने खालसा होईपर्यंत. व्यापाऱ्यांची मूळ वस्ती वायव्येला, ‘कोमाची’त, म्हणजे जुन्या पेठेत. आग्नेयेला इचिबान्चो, निबान्चो, सान्बान्चो अशी क्रमांकांची नावे असलेले सरळ रेषेतले भाग सामुराईंच्या घरांसाठी. ही नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. हॉटेल शोधताना तीच पुन्हा भेटणार आहेत.

संस्थानाचा दर्जा तांदळात मोजत. एक ‘कोकू’ म्हणजे साधारणपणे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. मात्सुदाइरांचे मात्सुयामा दीड लाख कोकूंचे होते. गंमत अशी की ‘बोच्चान’मध्ये नायक गावातून फेरफटका मारतो आणि नाक मुरडतो की अडीच लाख कोकूंचे किल्ल्याचे गाव म्हणतात ते एवढेच! सोसेकीने गावाचा मोठेपणा एक लाख कोकूंनी वाढवला. आणि उलट, मात्सुयामात त्याला स्वतःला महिना ऐंशी येन पगार होता, मुख्याध्यापकाच्या साठ येनपेक्षाही जास्त. नायकाला मात्र त्याने चाळीस दिले. गाव फुगवले, माणूस निम्मा केला. कादंबरीतला सारा विनोद या दोन आकड्यांमधल्या फटीत राहतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण जिन्याखालची खोली त्या फटीतच आहे हे नक्की.

चादाईकडे वळण्यापूर्वी तिच्या आधीची व्यवस्था पाहू. तोकुगावा काळात सरदारांना ठरावीक अंतराने राजधानी एदोला हजेरी लावावी लागे आणि १६३५ पासून हा नियमच झाला. त्या लवाजम्यांसाठी राजमार्गांवरच्या टप्प्यांवर ‘होंजिन’ नावाची घरे असत. तिथे सरदार, दरबारी आणि अधिकारी यांनीच उतरायचे. सामान्य माणसाने कितीही पैसे मोजले तरी त्याला ते दार बंद. सामान्यांसाठी दोन प्रकार. ‘हातागो’ म्हणजे रात्रीचे आणि सकाळचे जेवण देणारी सराई. आणि त्याखाली ‘किचिन-यादो’. किचिन म्हणजे सरपणाचा दाम. पाहुण्याने आपला तांदूळ बरोबर आणायचा, तो शिजवायला लागणाऱ्या लाकडापुरते पैसे द्यायचे, आणि अनोळखी माणसांच्या ओळीत आडवे व्हायचे. खोलीचे भाडे असा प्रकारच नाही. विकत घेतली जाते ती चुलीची आग. स्वस्त मुक्कामाचे इतके प्रामाणिक नाव मला दुसऱ्या कुठल्या भाषेत आढळलेले नाही.

हातागोंत पाहुण्यांना ओढून आत नेणाऱ्या बाया, जुगार, वेश्याव्यवसाय यांचा सुळसुळाट असे. एकट्या साध्या प्रवाशाला, विशेषतः फिरत्या व्यापाऱ्याला, याचा जाच होई. त्यावर उपाय म्हणून १८०४ साली ओसाकात ‘नानिवा-को’ नावाचा संघ निघाला. संघाने वाटेवरच्या भरवशाच्या सराया निवडल्या, त्यांच्या वळचणीला आपली पाटी टांगली, प्रवाशांना ओळखीची लाकडी चकती दिली आणि सरायांची यादी छापली. अनोळखी गावात गेल्यावर पाटी पाहायची, चकती दाखवायची, निर्धास्त झोपायचे. आज जपानभर एकाच नावाची, एकाच मापाच्या खोल्यांची जी हॉटेले दिसतात त्यांचे बीज मला या पाटीत दिसते. प्रवासी तेव्हाही ऐषाराम मागत नव्हता. उद्याच्या गावात आज माहीत असलेलीच गोष्ट मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते.

१८६८ नंतर मेइजी राजवटीत होंजिन गेले, १८७१ मध्ये संस्थाने गेली, १८७६ मध्ये सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे गेले. कायद्याने आता कोणीही कोणत्याही सराईत उतरू शकत होता. मग दर्जा ठरवायचा कसा? इथे चादाई पुढे येते. सराईचा जाहीर दर माफक असे. खरी कमाई बक्षिसीवर. ती किती, हे कुठेही लिहिलेले नसे. पाहुण्याने आपल्या योग्यतेचा अंदाज स्वतःच करून ती आल्यावर द्यायची आणि त्यावरून सराईने खोली, जेवण, नमस्काराची खोली हे सगळे ठरवायचे. म्हणजे होंजिनचे दार कायद्याने उघडले, पण उंबऱ्यावर एक अदृश्य तराजू ठेवला गेला. जन्माने मिळणारा दर्जा आता विकत मिळू लागला; फक्त त्याचा भाव विचारायची सोय नव्हती. ही पद्धत बंद करा असे म्हणणारी चळवळ पुढे अनेक वर्षे चालली याचे आश्चर्य वाटू नये.

बोच्चान पाच येन देतो, म्हणजे भावी पगाराचा आठवा हिस्सा. टीकाकार बहुधा त्याच्या सरळपणाचे कौतुक करतात: ढोंगी गावात आलेला एकटा प्रामाणिक माणूस. मला हे पुरते पटत नाही. ज्या तराजूचा त्याला संताप येतो त्याच तराजूत तो पाच येन टाकतो, आणि ते टाकताना खेडवळ माणसे एवढ्याने डोळे फिरवतील असा तोक्योचा तोरा त्याच्या मनात असतो. सोसेकीला हे दिसत होते. म्हणून तर बढती मिळाल्यावर नायकाला सुख मिळत नाही. पंधरा तातामींच्या खोलीत तो एकदाच मनसोक्त लोळतो आणि लगेच त्याची तिथून उचलबांगडी होते, एका पुराणवस्तू विकणाऱ्याच्या घरी. तो घरमालक त्याच्याच चहापत्तीचा चहा करून स्वतः पितो आणि रोज एखादी दौत किंवा चित्राची गुंडाळी त्याच्या गळ्यात मारू पाहतो. त्यानंतरचे बिऱ्हाड हागिनो नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे. हे मूळचे सामुराई कुळातले. म्हातारा रात्री नो नाटकातली पदे आळवतो आणि जेवणात दिवसेंदिवस रताळी. तनखा गेलेल्या कुळाने पोटासाठी मास्तराला घरात घेणे ही त्या पिढीची वस्तुस्थिती होती. सोसेकीने तिच्यावर भाष्य केलेले नाही. रताळी वाढली आहेत फक्त. माझ्या दृष्टीने साऱ्या कादंबरीत सगळ्यांत चांगले लिहिलेले घर हेच.

गाव लहान असल्याचा दुसरा तोटा म्हणजे नजर. नायक चार वाडगे तेंपुरा-सोबा खातो, दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर ते लिहिलेले असते. दोन बशा दांगो खातो, त्याचे सात सेनही फळ्यावर. स्वस्तात कुठे काय खाल्ले हे आज लोक आपणहून जगजाहीर करतात, तेव्हा त्याचे हसे होई.

हीच उतरंड पाण्यातही होती. मात्सुयामाच्या ईशान्येला दोगो इथे गरम पाण्याचे प्राचीन झरे आहेत. मात्सुदाइरा सादायुकीने १६३८ मध्ये तिथल्या हौदांची व्यवस्था लावायला घेतली ती सामुराई व भिक्षूंसाठी एक हौद, स्त्रियांसाठी दुसरा, सामान्य पुरुषांसाठी तिसरा अशी. पाणी एकाच जमिनीतले, अंगे वेगवेगळ्या दर्जाची. १८९४ साली तिथे तीन मजली लाकडी स्नानगृह उभे राहिले, ते अजूनही उभे आहे. पुढच्याच वर्षी सोसेकी आला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोगोला गावाशी जोडणारी छोटी रेल्वेही सुरू झाली. नव्या इमारतीत जन्माची विभागणी गेली, तिकिटाची आली. ‘बोच्चान’मध्ये उच्च वर्गाच्या स्नानाला आठ सेन पडतात. त्यात अंगावर घालायला युकाता मिळतो, अंग चोळून मिळते, वर चहा. नायक रोज तिथे जातो आणि चाळीस येन पगारात रोज उच्च वर्ग म्हणजे उधळपट्टी, अशी कुजबुज गावात सुरू होते. चादाईपेक्षा हे तिकीट मात्र सरळ. आठ सेनची पाटी लावलेली आहे, ते दिले की कुणाच्या चेहऱ्याकडे बघावे लागत नाही. बोच्चान या गावात ज्या एकाच गोष्टीवर मनापासून खूश आहे ती म्हणजे हे स्नान, हा मला योगायोग वाटत नाही.

सोसेकीचा स्वतःचा शेवटचा मुक्काम निबान्चोतल्या एका घरात होता. त्याला त्याने ‘गुदाबुत्सु-आन’ असे नाव दिले होते. १८९५च्या ऑगस्टअखेर त्याचा मित्र, कवी मासाओका शिकी, तिथे येऊन राहिला, ते बावन्न दिवस. शिकी याच गावचा, कनिष्ठ सामुराई घराण्यातला, क्षयाने पोखरलेला. हायकू हे नाव आज ज्या अर्थाने रूढ आहे तो अर्थ त्याला प्राप्त करून देणारा हाच माणूस. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत आली तेव्हा तिच्या पाठीवर याच गावचा शिक्का होता. तर हा शिकी खालच्या मजल्यावर शिष्यांची मैफल भरवी, दुपारी भाजलेली ईल मासळी मागवून खाई, आणि जाताना तिचे बिल सोसेकीवर टाकून गेला. सोसेकीने ही आठवण पुढे मोठ्या मायेने सांगितली आहे. फुकट मुक्कामाचे याहून चांगले उदाहरण या गावाच्या इतिहासात मला ठाऊक नाही.

परंतु या गावाला स्वस्त मुक्कामाचा खरा इतिहासकार मिळाला तो पंचेचाळीस वर्षांनी. तानेदा सान्तोका, जन्म १८८२. जमीनदार घरात जन्मलेला, दारूत आणि कर्जात बुडालेला, १९२५ मध्ये झेन भिक्षू झालेला, आणि मग वर्षानुवर्षे भिक्षा मागत पायी भटकलेला मुक्तछंदी हायकू कवी. सप्टेंबर १९३०पासूनची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात तो दररोज मुक्कामाच्या जागेचे नाव लिहितो, पुढे कंसात किती सेन पडले ते, आणि त्यापुढे एक अक्षर: वरची, मधली किंवा खालची. हे बहुतेक किचिन-यादो. अंथरूण कसे होते, न्हाणे मिळाले का, शेजारी कोण होते: फेरीवाले, यात्रेकरू, तमासगीर, भिकारी. ज्या कोकूंवर सरदारांचा मोठेपणा मोजला त्याच तांदळाची मूठमूठ भिक्षा दिवसभर गोळा करायची आणि संध्याकाळी सराईवाल्याला द्यायची.

जिन्याखालच्या खोलीची इथे नेमकी उलटापालट झाली आहे. बोच्चानला सराई जोखते. सान्तोका सराईला जोखतो, आणि तेही समाजाच्या अगदी तळाशी उभे राहून. आजचे प्रवासी हॉटेलांना तारे आणि गुण देतात त्याचा हा पूर्वज म्हणायचा, पण एक फरक आहे. त्याच्या ‘वरची’ या शेऱ्यात खोलीपेक्षा माणूस अधिक असतो: म्हातारी प्रेमळ होती, आग उबदार होती. आणि ‘खालची’ लिहिल्यावरही तो कुणावर डूख धरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जायचेच असते.

किचिन-यादोंना रम्य मानण्याचे मात्र कारण नाही. १८८७ मध्ये तोक्योत नियम झाला आणि त्या ठरावीक वस्त्यांपुरत्याच मर्यादित करण्यात आल्या. गरीब माणूस कुठे झोपतो यावर पोलिसांची नजर राहावी हा हेतू. याच सरायांना मजुरांच्या बोलीत ‘दोया’ म्हणत. ‘यादो’ म्हणजे मुक्काम. अक्षरे उलटी केली की दोया. जिथे माणसाला राहता येते असे म्हणवत नाही, त्या जागेचे नाव उलटे. हा शब्द कुण्या कवीने केलेला नाही.

सान्तोका १९३९ साली मात्सुयामाला आला, शिकोकूची अठ्ठ्याऐंशी देवळांची यात्रा केली, आणि वर्षअखेरीस किल्ल्याच्या उत्तरेला मियुकीजी देवळाजवळच्या एका लहान घरात स्थिरावला. घराचे नाव ‘इस्सो-आन’: गवताच्या एका पात्याची कुटी. ११ ऑक्टोबर १९४० रोजी तो तिथेच गेला. आदल्या रात्री शेजारच्या खोलीत मित्रांची हायकूची बैठक चालू होती. हा नेहमीसारखा पिऊन झोपला आहे असे त्यांना वाटले.

२६ जुलै १९४५च्या हवाई हल्ल्यात मात्सुयामा जळाले. गुदाबुत्सु-आनही गेले. जुन्या गावातले जे उरले त्यात किल्ल्याचा मुख्य मनोरा आहे. जपानात मूळ रूपात टिकलेल्या केवळ बारा मनोऱ्यांपैकी तो एक. युद्धानंतर १९४८ मध्ये मुक्कामाच्या धंद्याचा नवा कायदा झाला. त्यानुसार ठराविक कारणांखेरीज पाहुण्याला नाकारता येत नाही. पुढच्या दशकांत ‘बिझनेस हॉटेल’ नावाचा प्रकार वाढला, कामानिमित्त फिरणाऱ्या पगारदार माणसासाठी. १९६४च्या ऑलिंपिकच्या वेळी तोक्योतल्या एका मोठ्या हॉटेलासाठी अख्खे न्हाणीघर कारखान्यात तयार करून आणून बसवण्याचे तंत्र निघाले आणि तेच पुढे या स्वस्त हॉटेलांचा प्राण ठरले: प्रत्येक खोलीला, कितीही चिंचोळी असो, तेच न्हाणीघर. १९७९ मध्ये ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल उघडले. कायद्याच्या पुस्तकात कॅप्सूल हॉटेल, परदेशी तरुणांची हॉस्टेले आणि मजुरांच्या दोया आजही एकाच ‘साध्या निवासा’च्या सदरात मोडतात. पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला हे सहसा माहीत नसते.

चादाई या हॉटेलांत नाही. खोल्या सारख्याच असल्याने जिन्याखालची आणि पंधरा तातामींची असा भेदच उरला नाही. मात्र जोखणारी नजर संपली असे समजू नये. २००३ साली कुमामोतो प्रांतातल्या (हो, सोसेकी मात्सुयामाहून जिथे गेला त्याच प्रांतातल्या) एका हॉटेलाने कुष्ठरोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या वृद्धांच्या गटाला उतरवून घ्यायला नकार दिला, आणि तोही त्यांना कोंडून ठेवणारा कायदा १९९६ मध्ये रद्द झाल्यावर. एकेकाळी शिकोकूच्या यात्रामार्गावर घराबाहेर काढलेले कुष्ठरोगी जन्मभर फिरत राहत. दर छापलेला होता, खोल्या होत्या, कायदा होता. तरी दार लागलेच.

आता बेताविषयी. मात्सुयामाला जायचे तर ओकायामाहून आगगाडी, किंवा हिरोशिमाहून समुद्रमार्गे बोट. मला बोट जास्त योग्य वाटते, कारण बोच्चानही समुद्रातूनच आला. रेल्वेची दोन स्थानके आहेत आणि नवख्याचा गोंधळ होतो. खासगी कंपनीची छोटी रेल्वे १८८८ साली सुरू झाली. कादंबरीत काड्याच्या पेटीएवढी म्हणून जिची थट्टा आहे ती हीच, आणि तिचे स्थानक जुन्या गावाला लागून आहे. राष्ट्रीय रेल्वे आली ती १९२७ साली, म्हणून तिचे स्थानक पश्चिमेला, गावाच्या कडेला. २०२४ मध्ये ते उन्नत झाले. किल्ल्याच्या गावांत हे सर्रास दिसते: मधली जागा आधीच भरलेली, रेल्वे उशिरा आलेली, आणि स्वस्त हॉटेले स्थानकापाशी. मात्सुयामात मात्र दुसराही पर्याय आहे. ओकाइदो या बाजाररस्त्याच्या आसपास, इचिबान्चो ते सान्बान्चो भागात, लहान हॉटेलांची गर्दी आहे. तिथून किल्ल्यावर चालत जाता येते आणि ट्रामही दारात. हाच तो सामुराईंच्या घरांचा भाग. आज तिथे दारूचे गुत्ते, नूडल्सची दुकाने आणि फिरत्या विक्रेत्यांच्या खोल्या. सामुराईच्या अंगणात जागा मिळवायला आता कोकू लागत नाहीत.

हॉटेल घेताना ‘सु-दोमारी’ हा शब्द पाहावा: नुसता मुक्काम, जेवणाशिवाय. किचिन-यादोचा हा आजचा सभ्य अवतार. दोगोच्या र्योकानांत दर माणशी असतो आणि बहुधा त्यात दोन जेवणे धरलेली असतात. हातागोची रीत अजून तिथे आहे. काटकसरीने राहणाऱ्याने झोपावे निबान्चोत आणि न्हायला ट्रामने दोगोला जावे. तिथल्या जुन्या इमारतीची दुरुस्ती २०१९ पासून चालू होती, जुलै २०२४ मध्ये ती पूर्ण खुली झाली. तिकिटांचे वर्ग अजून आहेत. सगळ्यांत स्वस्त तिकिटात नुसते खालचे स्नान. जास्त पैसे दिले की वरच्या मजल्यावर चहा. आणि तिसऱ्या मजल्यावर एक ‘बोच्चानची खोली’ जपून ठेवलेली आहे. जिन्याखाली ढकललेल्या मास्तराला गावाने अखेर सर्वांत वरचा मजला दिला, एकही येन चादाई न घेता.

गुदाबुत्सु-आनची प्रतिकृती १९८२ मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी बांधली होती. जुलै २०१०च्या पावसात दरड कोसळून तीही गेली, तेव्हा ती शोधत बसू नये. इस्सो-आन मात्र पुन्हा उभारलेले आहे. ते टेकडीच्या पलीकडे, उत्तरेला. जाताना चालत जावे. परतताना पाय थकले असतील तर ट्राम घ्यावी. किल्ल्याची टेकडी मध्ये येते म्हणून ती सरळ येत नाही, पायथ्याला वळसा घालते, जुन्या कोमाचीवरून.